साडूचा भुयारी किल्ला

साडूला निळं जाकीट मिळालं आणि सनावळींचं जेवणावरचं मन उडालं.

जाकीट म्हणून ते काही फार भारी नव्हतं. एका खिशाची शिवण उसवलेली होती आणि बाह्या साडूच्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे संपत होत्या. पण छातीवर पांढऱ्या दोऱ्याने ‘मार्गदर्शक’ असं भरलेलं होतं, आणि हे मार्गदर्शन भुयारी किल्ल्यात करायचं होतं. शहराबाहेरच्या टेकडीच्या पोटात युद्धाच्या काळात खोदलेला हा किल्ला. आत सैनिकांच्या खोल्या, दवाखाना, दारूगोळ्याचं कोठार, सगळं होतं. युद्ध संपलं तसं त्याला कुलूप लागलं, आत पाणी भरलं, वटवाघळं राहायला आली. आता सरकारने पाणी उपसून, वटवाघळांची समजूत घालून, दिवे लावून तो लोकांसाठी उघडला होता. या किल्ल्यावर जगात कुणाचा हक्क असलाच तर तो आपला, असं सनावळी धरून चालले होते. आणि टेकडीच्या पोटात काही आहे हेसुद्धा ज्याला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं, तो साडू जाकीट घालून त्यांच्या घरी आला होता आणि त्यांच्याच आरशासमोर उभा राहून मागून कसं दिसतं ते बघत होता.

सनावळी हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. कुणी जिन्यात ‘काय, कसं काय?’ एवढंच विचारलं तरी हे गृहस्थ एखाद्या लढाईच्या सालापासून सुरुवात करत, म्हणून इमारतीतल्या लोकांनी ते पाठीमागे ठेवलं होतं. पाणीपुरवठा कार्यालयात ते तक्रारीच्या खिडकीवर बसत. नळाला पाणी नाही, नळाला गढूळ पाणी आहे, नळच नाही पण बिल आहे, हे दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून घ्यायचं. संध्याकाळी घरी आल्यावर आपलंही कुणीतरी ऐकावं, ही त्यांची अपेक्षा काही वावगी नव्हती. पण घरात ऐकायला बायको एकटीच, आणि तिला तहाच्या अटींपर्यंत पोचण्याआधीच झोप लागत असे. तरी ती गुणी. उन्हाळ्याच्या सुट्टीत लोक बायकोला थंड हवेच्या ठिकाणी नेतात, सनावळी तिला भुयारी किल्ल्याच्या बंद दारापाशी नेत आणि गंजलेल्या कुलपाशेजारी उभी करून फोटो काढत. तिने कधी तक्रार केली नाही. आत काय आहे, असंही कधी विचारलं नाही.

आता त्याच बायकोने चहाचा कप साडूच्या हातात दिला आणि ती समोर बसून म्हणाली, “भावजी, मग त्या डॉक्टरचं पुढे काय झालं?”

साडू भुयारातल्या दवाखान्याची हकिकत सांगत होता. सनावळींना ती हकिकत पाठ होती. पण ‘मग पुढे काय झालं’ हे चार शब्द त्यांनी लग्न झाल्यापासून बायकोच्या तोंडून ऐकले नव्हते. ते आतल्या खोलीत गेले आणि कपाटातली पुस्तकं उगाच काढून उगाच परत लावत बसले.

यातलं खरं दुःख वेगळंच होतं. मार्गदर्शक हवेत अशी जाहिरात सनावळींनी वाचली होती, अर्ज त्यांनी केला होता, मुलाखतीचा दिवस त्यांचा होता. साडूचं फरशीचं दुकान होतं आणि दारात गाडी होती, म्हणून तो त्यांना सोडायला आला होता, इतकाच त्याचा इतिहासाशी संबंध. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी, म्हणजे किल्ल्याच्या व्यवस्थापक बाईंनी, “समजा आम्ही पाहुणे आहोत, आम्हाला किल्ल्याची ओळख करून द्या,” असं सांगितलं. सनावळींनी घसा साफ केला आणि पाया पक्का असावा म्हणून टेकडी मुळात कशी तयार झाली इथपासून आरंभ केला. त्यांचा खडक थंड होतो न होतो तोच बाईंनी घड्याळ बघितलं आणि “आम्ही कळवू” म्हणाल्या. बाहेर पडवीत साडू बाकावर बसून शिपायाला, पुढच्या उमेदवाराला आणि पाणी भरायला आलेल्या माणसाला, स्नानघरात घसरून पडलेल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होता आणि तिघंही पोट धरून हसत होते. बाई दारात आल्या, ऐकत उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, “तुम्ही अर्ज केलाय का?” पुढचं सांगण्यात अर्थ नाही. येताना गाडीत साडू म्हणाला, “दादा, तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?” सनावळी म्हणाले, “छे, छे, वाईट कसलं,” आणि घर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तेव्हा आता एकच उपाय होता. साडूच्या फेरीला पाहुणा म्हणून जायचं, सगळ्यांच्या देखत, विशेषतः बायकोच्या देखत, एक असा प्रश्न टाकायचा की निळं जाकीट घामाने काळं झालं पाहिजे. सूड वगैरे काही नाही. इतिहासाची सेवा.

ही सेवा गुप्त ठेवायची होती, पण इमारतीत गुप्त फक्त पाण्याच्या टाकीची किल्ली कुठे असते एवढंच राहतं. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर स्वतःहून खाली आले. “त्याला जे येत नाही ते विचारू नका,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “‘माहीत नाही’ म्हणून मोकळा होईल. त्याला जे येतंय असं वाटतं ते विचारा. माझी उभी हयात यात गेली आहे.” तळमजल्यावरच्या दंतवैद्याचं म्हणणं पडलं की प्रश्न माणसाचं तोंड उघडं असतानाच विचारावा, उत्तर देणं अवघड जातं. समोरच्या घरातल्या बाईंना प्रश्नाचं काही देणंघेणं नव्हतं. “आत फार गारठा असतो,” त्या म्हणाल्या. “आमचे हे जाऊन आले ते अजून शिंकताहेत. स्वेटर नेल्याशिवाय जाऊ नका.” सनावळींनी तिघांचंही ऐकून घेतलं, कारण न ऐकण्याचा पर्याय तिघांनीही ठेवला नव्हता. मग त्यांनी पुष्कळ पुस्तकं धुंडाळली आणि प्रश्न नक्की केला: भुयारातली हवा शुद्ध ठेवणारे पंखे वीज गेल्यावर कसे चालत? साडू म्हणेल, जनरेटरवर. मग आपण शांतपणे म्हणायचं, नाही, सायकलसारखं पायडल मारून. आणि मग बायकोकडे बघायचं.

तिकीट खिडकीवर पहिला खोडा आला. खिडकीतल्या तरुणाने मान वर न करता सांगितलं की महिनाअखेरपर्यंत सगळ्या फेऱ्या भरल्या आहेत. “मार्गदर्शकाच्या कुटुंबीयांसाठी राखीव जागा आहेत. तुम्ही कुणाचे कुटुंबीय आहात का?”

सनावळींच्या तोंडावर ‘नाही’ आलं. मान ताठ ठेवून परत फिरण्याचा तो क्षण होता. पण मागे बायको उभी होती. ती म्हणाली, “आहेत की. साडू आहेत.”

तरुणाने संगणकात डोकं घातलं. “साडू नाहीये यात. आई, वडील, पती, पत्नी, मुलं, भाऊ, बहीण.”

“साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा,” सनावळी म्हणाले.

“ते मला कळतं हो. माझेही आहेत. पण संगणकाला नाहीत.” त्याने बराच वेळ वरखाली करून पाहिलं. सनावळी स्वतः आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेले. बाहेर उभं राहिल्यावर खिडकी इतकी उंच असते, हे त्यांना आजच समजलं. शेवटी तरुणाला तोड सापडली आणि त्याने पास छापून बाहेर सरकवला. बायकोच्या पासवर ‘बहीण’ असं होतं. सनावळींच्या पासवर साडूचं नाव होतं आणि त्याखाली छापलं होतं: ‘मार्गदर्शकावर अवलंबून असलेले इतर’.

हा पास गळ्यात अडकवणं सक्तीचं होतं.

ठरल्या दिवशी मंडळी किल्ल्याच्या दारात जमली. ज्या दाराचे इतके फोटो काढले ते दार सताड उघडं होतं, कुलूप काचेच्या पेटीत ठेवलेलं होतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, ते समोर होतं, आणि त्यात शिरायचं ते साडूच्या मागून. साडू लोखंडी पायरीवर उभा राहून म्हणाला, “डोकी सांभाळा. इथले सैनिक बुटके नव्हते, पण सरकारने छत तसं बांधलं होतं.” लोक हसले. बायको हसली. सनावळींना विनोदात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी मातकट रंगाचा स्वेटर गळ्यापर्यंत ओढला, म्हणजे निदान पास झाकला गेला.

आणि साडू सांगायला लागला. त्याने वाईट सांगितलं असतं तर सनावळींनी त्याला मोठ्या मनाने माफसुद्धा केलं असतं. पण तो चांगलं सांगत होता. खाटांच्या खोलीत तो खाटेवर आडवा होऊन दाखवत होता, एका माणसाच्या घोरण्याने सगळी पलटण कशी जागी राहायची ते घोरून दाखवत होता. स्वयंपाकघरात त्याने एका आजीबाईंना भल्या मोठ्या पातेल्यासमोर उभं केलं आणि विचारलं, “एवढ्या माणसांचं मीठ तुम्ही कसं अंदाजाने टाकाल?” आजीबाई लाजल्या आणि सांगू लागल्या. लोक ऐकू लागले. बायको सगळ्यांत पुढे उभी होती आणि तिची मान साडू जाईल तिकडे वळत होती. सनावळींच्या अंगाचा तिळपापड होत होता. यातली एक-दोन वाक्यं आपण कधीतरी ऐकली आहेत असं त्यांना मधूनच वाटे, पण ती आपल्यालाच सुचायला हवी होती या रागात ते मागे पडे.

पंख्यांच्या खोलीत त्यांनी हेडमास्तरांचं स्मरण करून हात वर केला. “वीज गेली तर हे पंखे कसे चालत?”

साडूचा चेहरा उजळला. “वा. मंडळी, हे आमचे दादा. या किल्ल्याचा यांच्याइतका अभ्यास कुणाचा नाही. आणि प्रश्न बघा किती नेमका विचारलाय. दादा, तुम्हीच बसून दाखवता का?” असं म्हणून त्याने कोपऱ्यातल्या आडोशामागून सायकलसारखं एक यंत्र ओढून काढलं.

सनावळींना त्यावर बसावं लागलं. पायडल मारावं लागलं. पंखा फिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्याच वयाच्या एका माणसाने “अजून जोरात, काका,” असं प्रोत्साहन दिलं. उतरताना त्यांची विजार साखळीत अडकली आणि ती सोडवायला साडू खाली वाकला. स्तुतीने माणूस इतका पोळू शकतो याचा सनावळींना अनुभव नव्हता, कारण स्तुतीचाच फारसा नव्हता.

मंडळी दवाखान्याकडे वळली तसे ते मुद्दाम रेंगाळले. आता यांच्यात राहायचंच नाही. डाव्या हाताला एक अरुंद बोळ होता आणि त्याच्या टोकाशी टेलिफोनची खोली. दारात जाड दोर बांधलेला होता आणि वर पाटी होती की दोर ओलांडणाऱ्यास बाहेर काढण्यात येईल. पण दोर हा सामान्य पाहुण्यांसाठी असतो, अभ्यासकांसाठी नसतो, असं सनावळींचं प्रामाणिक मत होतं. ते दोराखालून वाकून आत गेले.

खोली सुरेख होती. भिंतीला लागून टेलिफोनच्या तारांचा मोठा फळा, पुढे लांब टेबल, खुर्च्यांवर मातकट गणवेशातले मेणाचे पुतळे कानाला यंत्रं लावून बसलेले. एक खुर्ची रिकामी होती, तिथला पुतळा बहुधा दुरुस्तीला गेला असावा. मागच्या भिंतीवर लोखंडी खुंट्यांची रांग होती. सनावळी खुंट्यांजवळ गेले आणि त्यांनी एक हाताने चाचपून पाहिली. किती दिवसांनी त्यांना शांत वाटलं. इथे कुणी साडू नव्हता.

आणि तेवढ्यात साडूचा आवाज आला. बोळातून नव्हे, पलीकडच्या दारातून. दवाखान्यातून फिरून रस्ता इथेच येत होता, हे सनावळींना नकाशावरून पक्कं माहीत होतं, फक्त रागात विसरायला झालं होतं. पावलं जवळ आली. बोळाकडे पळावं तर दोर ओलांडताना सापडणार, आणि कुणाच्या हातात सापडणार, तर साडूच्या. बायकोसमोर साडू म्हणणार, दादा, जरा बाहेर या. ते नुसतं मनात येताच सनावळी मिळेल तिथे बसले. मिळेल तिथे म्हणजे रिकाम्या खुर्चीत. कानाचं यंत्र डोक्यावर चढवलं, एक हात टेबलावर ठेवला आणि श्वास धरला.

मंडळी आत आली आणि कठड्याशी उभी राहिली. साडूने बॅटरीचा झोत पुतळ्यांवरून फिरवला. शेवटच्या खुर्चीवर झोत जरा थांबला, पुढे गेला, परत आला.

“ही टेलिफोनची खोली,” साडू सावकाश म्हणाला. “आणि हे इथले कारकून.”

“हा शेवटचा किती हुबेहूब केलाय,” एक बाई म्हणाल्या. “चेहऱ्यावर किती दुःख आहे बिचाऱ्याच्या.”

“पण युद्धाच्या काळात एवढं पोट?” त्यांच्या नवऱ्याने विचारलं.

“बसून काम असायचं,” साडू म्हणाला.

सनावळींनी हे गिळलं. नाकाच्या शेंड्याला खाज सुटली होती, तीही सोसली. बायको कठड्यावरून वाकून बघत होती. मग ती म्हणाली, “स्वेटर मात्र चांगला विणलाय हं.” स्वेटर तिनेच विणलेला होता. सनावळींच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण मेणाच्या माणसाला तेवढं चालतं.

साडूने घाईने झोत त्यांच्यावरून काढून मागच्या भिंतीवर नेला. “आणि त्या खुंट्या बघा. शत्रू आला तर क्षणाचा विलंब नको, म्हणून सैनिक त्यावर आपल्या बंदुका अडकवत. काम टेलिफोनचं, पण बंदूक पाठीशी.”

लोकांनी माना डोलावल्या. बायकोनेही.

आता खरं म्हणजे सुटका झालीच होती. लोक निघणार, दिवा फिरणार, सनावळी बोळातून पसार होणार, अब्रू शाबूत. पोटाबद्दल बोलले ते त्यांनी ऐकून घेतलं होतं, दुःखाबद्दल बोलले तेही. पण खुंट्यांचं त्यांना सोसेना. ज्याच्या तोंडून चूक ऐकण्यासाठी इतकी पुस्तकं धुंडाळली, इतका अपमान सोसला, त्याने ती आपणहोऊन पदरात टाकली होती, आणि तीही सगळ्यांच्या देखत. ही संधी सोडून गप्प बसायला माणूस खरोखरच मेणाचा हवा.

“कोट,” शेवटचा पुतळा म्हणाला. “ओले कोट वाळत घालायला आहेत त्या. बंदूक त्यावर राहणारच नाही.”

पुढचं थोडक्यात सांगितलेलं बरं. दुःखाबद्दल बोलणाऱ्या बाई खाली बसल्या. त्यांच्या नवऱ्याने आधाराला म्हणून भिंतीवरचा लाल दांडा धरला. तो हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा होता आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी आपलं काम चोख केलेलं होतं. भोंगा असा वाजला की सगळ्या भुयारात फिरणाऱ्या सगळ्या फेऱ्या आपापले मार्गदर्शक टाकून बाहेर धावल्या. मीठ अंदाजाने टाकणाऱ्या आजीबाई सगळ्यांत आधी पोचल्या असं म्हणतात. सनावळी बाहेर आले ते कानाच्या यंत्रासकट, मागून तुटलेली तार ओढत. आवारात जमलेल्या गर्दीने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेतून बाहेर पडायला त्यांना पुन्हा एकदा भुयारात जाऊन बसावंसं वाटलं.

व्यवस्थापक बाईंच्या खोलीत साडू, सनावळी आणि बायको असे तिघे एका ओळीत बसले. बाईंनी आधी दोराबद्दल विचारलं, मग तारेबद्दल, मग भोंग्याबद्दल. सनावळी पासाची दोरी बोटाला गुंडाळत होते. पास स्वेटरच्या बाहेर आला होता आणि ‘अवलंबून असलेले इतर’ हे बाईंना सरळ वाचता येत होतं.

“माझी चूक आहे, बाई,” साडू म्हणाला. “मी लक्ष ठेवायला हवं होतं.”

“ते आहेच,” बाई म्हणाल्या. मग त्या सनावळींकडे वळल्या. “पण खुंट्यांचं तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. त्या कोटांच्याच.”

सनावळी ताठ झाले. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा क्षण आला होता, आणि बायको शेजारी जागी होती.

“मी यांना परोपरीने सांगितलं,” बाई पुढे म्हणाल्या, “की खुंट्या कोटांच्या आहेत, कागदपत्रं आहेत आमच्याकडे. ऐकायला तयार नाहीत. बाकी सगळं शिकवाल तसं सांगतात, पण खुंट्यांवर आले की हटून बसतात. म्हणे आमच्या नात्यात एक फार मोठे अभ्यासक आहेत, त्यांनी मला स्वतः सांगितलंय, ते चुकणार नाहीत, तुमचेच कागद तपासून बघा. यांच्या हट्टापायी मी अजून त्या भिंतीवर पाटी लावलेली नाही.”

साडू छताकडे बघू लागला.

अभ्यासक? नात्यात? बायकोकडचे, मेव्हणीकडचे, साडूच्या आईकडचे, सगळे चेहरे सनावळींनी भराभर डोळ्यांसमोरून नेले. एवढी वर्षं आपण हाताच्या अंतरावर बसलो असताना हा माणूस इतिहास विचारायला दुसऱ्याच कुणाकडे गेला, आणि त्याच्यासाठी सरकारी कागदांशी भांडतो. जाकिटाचं एक वेळ ठीक होतं. हे फार झालं.

“कोण हे अभ्यासक?” त्यांनी विचारलं.

“जाऊ द्या ना, दादा,” साडू म्हणाला.

“जाऊ द्या कसं? असल्या अर्धवट लोकांमुळेच इतिहासाची नासाडी होते. कुठलंतरी एखादं पान वाचायचं आणि पंडित म्हणून मिरवायचं. खुंटीचा बाक बघितला तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल की बंदूक त्यावरून घसरणार. नाव सांगा त्यांचं.”

“मलाही एकदा भेटायचंच आहे त्यांना,” बाई म्हणाल्या.

“ते बाहेरगावी असतात,” साडू म्हणाला. तो खोटं बोलण्यात अगदीच कच्चा होता. फरशीच्या धंद्यात त्याचं कसं चालतं कोण जाणे.

“अहो,” बायको म्हणाली, “तुम्हीच की ते.”

सनावळींनी तिच्याकडे पाहिलं.

“माझ्या भावाच्या लग्नात,” ती म्हणाली. “जेवायला बसलो होतो. भावजी तेव्हा नवीन होते, तुमच्या डाव्या हाताला बसलेले. तुम्ही त्यांना हा किल्ला सुरू केलात. खुंट्यांवर आलात तेव्हा काटा उलटा धरून बंदूक कशी अडकवत ते दाखवलंत आणि तो माझ्या बशीत पडला. आइस्क्रीमचं पाणी झालं तरी तुमच्या बंदुका उतरेनात.”

सनावळींना ते लग्न आठवलं, काटा आठवला. तेव्हा एकच पुस्तक वाचलेलं होतं, पातळसं, आणि खुंट्यांचं तर त्यात काहीच नव्हतं, ते त्यांनी आपलं अंदाजाने ठोकून दिलं होतं. नंतर मोठी पुस्तकं आली, कोट आले, आणि बंदुका ते साफ विसरून गेले. साडू विसरला नव्हता. घोरणाऱ्या सैनिकाची गोष्टही आपलीच, मिठाचीही आपलीच, हे आता एकेक करून त्यांच्या ध्यानात येऊ लागलं. त्यांना फार लाज वाटली. अर्धवट आणि पंडित हे शब्द खोलीत अजून ऐकू येत होते.

पण लाजेच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते दाबता दाबेना.

“तू ऐकत होतीस?” त्यांनी बायकोला विचारलं.

“शेजारीच तर बसले होते.”

“नाही, पण सगळं? काट्यापर्यंत?”

“बंदुकांचं ऐकलं, खंदकांचं ऐकलं, त्या आंधळ्या घोड्याचंही ऐकलं,” ती म्हणाली. “मधे झोप लागते, त्याला मी काय करू? दुसऱ्या दिवशी तुम्ही परत तिथूनच सुरू करता, त्यामुळे काही चुकत नाही. फक्त त्या घोड्याचं शेवटी काय झालं, ते काही तुम्ही आजवर सांगितलं नाहीत.”

सनावळी सांगण्यासाठी तोंड उघडणार, इतक्यात पलीकडे खुर्ची करकरली.

“ताई,” साडू म्हणाला, “तुम्हालाही आठवतं हे सगळं?” त्याचा आवाज भुयारात घुमणारा आवाज राहिला नव्हता. “मला आपलं इतकी वर्षं वाटत होतं, दादांचं मी एकटाच ऐकतो म्हणून. आणि घोड्याचं तर मला त्यांनी कधीच सांगितलं नाही.”

तो हसायचा प्रयत्न करत होता, पण जमत नव्हतं. निळ्या जाकिटाच्या आखूड बाह्या तो उगाच खाली ओढत होता. त्याच्या तोंडावर जे दिसत होतं ते ओळखायला सनावळींना कुठलंही पुस्तक लागलं नाही. जाकीट घरी आलं त्या दिवसापासून ते रोज दाढी करताना तेच तोंड बघत होते.